तांदूळ सोडलेला माणूस धानाच्या मुलखात

अमरावतीच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं पंचेचाळीस वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. वर्गात त्याची वर्णनं मात्र बेधडक करीत होता. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पुरीला जायचं ठरलं. मी, सौ. आणि आमची लेक सुमती.

परतताना तिरोड्याला उतरून एक दुपार बापूसाहेब मालगुजारांकडे काढायची, हेही ठरलं होतं. त्यांच्या मुलानं सुमतीला नागपुरात पाहिलं होतं आणि पत्रानं पसंती कळवली होती. सुमतीनं काही कळवलं नव्हतं, पण ते पत्र तिच्या पेटीत सापडलं होतं. राहिली होती ती बापूसाहेबांच्या थोरल्या विधवा बहिणीची, आत्याबाईंची पसंती. त्या घरात चूल आणि निर्णय, दोन्ही त्यांच्याकडे. बापूसाहेबांनी लिहिलं होतं, 'नवं धान आलं आहे. आमच्या भगिनींचा नियम असा की, पाहुणा आमचा नवा भात जेवला म्हणजे मग सोयरिकीचं बोलणं.' मला वाटलं, इतका सोपा पेपर मी जन्मात काढला नाही.

समुद्राविषयी थोडक्यात सांगतो: तो मोठा आहे. जाणाऱ्यांनी एक धोतर जास्तीचं न्यावं. एक तो ठेवून घेतो. महाप्रसाद मात्र पोटभर खावा. मातीच्या मडक्यात शिजलेला भात आणि डाळ, असा प्रसाद मी दुसरीकडे खाल्ला नाही. तोच भात वाळवून पुरचुंडीत बांधून देतात. सौ.नं अशा दोन घेतल्या, एक देवघराला, एक आत्याबाईंना.

घोटाळा झाला तो शेवटच्या दिवशी. पंड्यानं आम्हांला किनाऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "जगन्नाथाच्या नावानं एक पदार्थ जन्मभर सोडा."

सौ.नं पेरू सोडला. तिला तो फार आवडतो, म्हणून मला वाईट वाटलं. मी कारलं म्हणालो.

"कारलं यांनी लग्नाच्या पंगतीतच सोडलंय," सौ. म्हणाली.

पंड्यानं पाणी सोडायला उचललेला हात खाली घेतला. रोजच्या खाण्यातलं काही सांगा म्हणाला. आता आम्ही वऱ्हाडी, ज्वारीची माणसं. भात आमच्याकडे सणाला, तोही वाटीएवढी मूद. मी चेहरा शक्य तितका विरक्त केला आणि म्हणालो, "तांदूळ."

पंडा गारच झाला. त्याच्या मुलखात भाताविना माणूस जगतो हेच मुळी कुणाला ठाऊक नाही. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि गळ्यात आणखी एक माळ घातली. त्या माळेच्या जोरावर मी रायपूरपर्यंत फुगलेला होतो.

(रस्ता विचाराल तर विजयनगरमवरून रायपूर. गाडी बदलावी लागते, पण डोंगर सुरेख. तिसऱ्या वर्गात खिडकी मिळवायची असेल तर आधी वळकटी आत टाकावी, मग बायको, मग स्वतः जावं. हा क्रम माझा नाही, हमालाचा आहे.)

रायपूर सोडल्यावर सकाळी सौ. खिडकीतून बाहेर बघत होती. दोन्ही अंगांना धान, कुठं उभं, कुठं कापून आडवं पडलेलं, थेट आभाळापर्यंत.

"अहो, आपण तिरोड्याला कुणाकडे उतरणार?"

"बापूसाहेब मालगुजारांकडे. विसरलीस?"

"त्यांच्या शेतात काय पिकतं?"

मी बाहेर पाहिलं. मग गळ्यातली माळ काढली.

सुमती माळेकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, पुरण सोडायचं होतं हो."

व्रत मोडावं म्हणाल, तर ते सोपं नव्हतं. संकल्पात मी नाव, गोत्र, तिथी, सगळं स्वच्छ उच्चारांत सांगून बसलो होतो. पत्ता वर पोचलेला होता.

गोंदियाला गाडी बराच वेळ थांबते. इथं न्याहारी करून घ्यावी, असं मी इतरांना खुशाल सांगेन. मला पोटात कावळे घेऊन फलाटावर हिंडावं लागलं. एकाकडे गरम पोहे. दुसरा ओरडत होता, "बाबूजी, मुर्रा लो, ताजा मुर्रा!" मुर्रा म्हणजे मुरमुरे. तिसऱ्याकडे पोह्यांचा चिवडा. कुटलेला तांदूळ हा तांदूळच की निराळं द्रव्य, यावर मी थोडं न्यायशास्त्र लावून पाहिलं. सौ. म्हणाली, "माळ परत घाला, म्हणजे उत्तर सुचेल." अखेर एक आण्याचा चहा प्यालो आणि फुटाणे खाल्ले.

तिरोड्याला बापूसाहेबांची रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, उभी होती. एरवी भाड्याची रेंगी आठ आणे मागते आणि सहाला येते. गाडीवान सोमाजी बोलका निघाला. वाट बोदलकसा तलावाच्या कालव्याच्या कडेनं होती, आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. मी पळवाट शोधत विचारलं, "सोमाजी, तुमच्याकडे सकाळी काय खातात?"

"पेज जी. तांदळाची."

"दुपारी?"

"भात."

"आणि रात्री?"

"भातच ना जी. रात्री काही निराळी भूक लागते का?"

"सण असला तर?"

"तांदळाची भाकर. अनारसे."

"कुणी बीमार पडलं तर?"

"तवा पेज." मग त्यानं मागं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "काऊन जी? बीमार आहा का?"

मला ती सूचना वाटली.

बापूसाहेबांच्या अंगणात धानाच्या राशी होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही ओसरीवर पोचलो. आत्याबाई म्हणजे ठेंगण्या, ताठ बाई. सौ.नं पुरचुंडी दिली ती त्यांनी कपाळाला लावली आणि देवाजवळ ठेवली. सुमतीला त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "पोरी, चुलीचा धूर सोसते का?" सुमती म्हणाली, "डोळे पुसत सोसते." आत्याबाई हसल्या. इथवर सगळं छान होतं.

मग पळसाच्या पत्रावळी मांडल्या. डाळ, भाजी, चटणी, तूप आणि मधे रिकामी जागा. आत्याबाई स्वतः वाफाळतं पातेलं घेऊन आल्या.

"यांचं पोट जरा बरं नाही," सौ. घाईनं म्हणाली.

"अरे बाप्पा! मंग पेज देतो ना."

सोमाजीची सूचना इथं अशी बुडाली. मी हात जोडले आणि खरं काय ते सांगून टाकलं. समुद्र, पंडा, तांदूळ. कारल्याचं तेवढं गाळलं, ते सौ.नं भरलं.

बापूसाहेब आढ्याकडे पाहू लागले. त्यांचा मुलगा बापाकडे पाहू लागला. सुमती दाराआड होती. तिच्या बांगड्या दाराच्या आणखी जवळ वाजल्या.

"मास्तर," आत्याबाई म्हणाल्या, "आमी तुमची पोरगी भाताच्या गावाले नेऊन राहिलो, अन् तुमी भातच सोडून आले? कायले सोडला? तुमाले काही सोडाचंच नव्हतं, म्हणून ना?"

पंचवीस वर्षं मी मुलांच्या लबाड्या पकडतो. "म्हणूनच," मी म्हणालो.

"पुरीले काय जेवले?"

"महाप्रसाद."

"तो कायचा?"

"भाताचा."

"तो बी सोडला का?"

"छे! प्रसाद कसा सोडणार? प्रसाद नाकारणं म्हणजे पाप."

"असं तुमचं शास्तर म्हणते?"

"म्हणतं."

आत्याबाईंनी पातेलं खाली ठेवलं. देवाजवळची पुरचुंडी आणली, सोडली, वाळक्या भाताचा एक दाणा चिमटीत धरून पातेल्यात टाकला आणि डावानं एकदा ढवळलं.

"आता सांगा. हा भात आहे का परसाद?"

मी आठवणीतले सगळे ग्रंथ उलटेपालटे केले. विरोधात एक ओळ सापडेना, आणि सापडली असती तरी मी ती म्हटली नसती. "प्रसाद," मी म्हणालो.

"मंग नाही म्हणता का जगन्नाथाले?"

मी जेवलो. नवा भात, थोडा चिकट, गोडसर, त्यावर तूप. तीनदा घेतला. चौथ्यांदा हात पुढं गेला तेव्हा सौ. हळूच म्हणाली, "प्रसाद इतका खात नाहीत."

निघताना आत्याबाईंनी पुरचुंडीला पुन्हा गाठ मारली. मला वाटलं, देवाजवळ ठेवतील. त्यांनी सुमतीला जवळ बोलावलं आणि ती तिच्या हातात दिली. "हे तू सांभाळ. लगन होऊन आली का संगं आणजो. बाप आला का एक दाणा टाकजो." आणि बापूसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "आता पाहून काय राहिला? नारळ आण."

रेंगीत सुमतीनं पुरचुंडी दोन्ही हातांनी धरली होती. सोमाजीनं मला विचारलं, "पोट कसं आहे जी आता?"

अमरावतीला येऊन महिना झाला. मुहूर्त माघातला आहे. समुद्राचं काय उरलं, तर वळकटीत थोडी वाळू. व्रत मी इथं कडक पाळतो. बापूसाहेबांनी चिन्नोर तांदळाचं पोतं पाठवलं आहे. सौ. तो रांधते तेव्हा त्याचा वास माडीपर्यंत येतो, आणि मी त्या वासाबरोबर भाकरी खातो. देवघरातली पुरचुंडी आहे, पण तिला हात लावायला सौ.ची मनाई आहे. देवाला शब्द देऊन आलेल्या माणसानं घरी पळवाटा काढू नयेत, म्हणते.

काल तिनं आणखी एक काढलं. "नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज आहे. तो तरी पाळणार ना?"

"पाळणार की," मी म्हणालो. "तिच्याकडे मी जेवणार नाहीच. प्रसाद घेईन."