कानातली सरकी

"कान गेलेला नाही, नुसता बुजलाय," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मायच्या डोळ्यांतून पाणी आणि माझ्या तोंडून हसू एकदमच निघालं. त्याआधी यवतमाळच्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही मायलेकी दोन तास तोंड पाडून बसलो होतो.

डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क लावला होता. म्हणजे दोन पायांचा पोलादी चिमटा. ठोकला की एकच सूर देतो. तो कपाळाच्या मधोमध टेकवून त्यांनी विचारलं, कुठल्या कानात जास्त ऐकू येतं? मी चाचरत सांगितलं, बहिऱ्याच कानात. मला वाटलं, आता डोकंही गेलं. पण बाहेरची वाट बंद आणि आतली नस चांगली असली की असंच होतं, असं त्यांनी समजावलं. मग मीही त्यांना सांगितलं की तुमचा चिमटा पांढरी एकमध्ये वाजतो, आमच्या पेटीच्या पट्टीसारखा. त्यांनी चिमटा पुन्हा ठोकून स्वतःच्या कानाला लावला.

आता कान बुजला कसा ते सांगते. गाणं शिकणाऱ्या पोरापोरींनो, हे नीट ऐका.

आम्ही बौद्ध झाल्यावर बाभुळगावच्या आमच्या वस्तीत गायन पार्टी निघाली. पेटीवर म्हातारे गुरुजी, शेजारी ढोलकी आणि झांजा, आणि डोक्यावर भाड्याचा भोंगा. त्या गदारोळात स्वतःचा सूर सापडायचा नाही. गुरुजींचा उपाय ठरलेला होता: डाव्या कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. कान बुजला की आपला आवाज आत घुमतो, हे खोटं नाही. पार्टीत सगळेच बोळेवाले, खुद्द गुरुजी तर दोन्ही कानांनी. वर त्यांचा घोष, "जोरात म्हणा, जोरात!"

कापसाला काय तोटा? वेचणीला गेलं की ओटीत कापूसच. मी नवा बोळा खोचत गेले आणि जुना काढायचा राहिला. केसांतल्या आकड्यानं काढायला गेले, तर तो आणखी आत गेला. अस्सा राग आला स्वतःचा! पुढे कानात घूं घूं सुरू झालं, मग तेही बंद. आणि त्या सालच्या बुद्धजयंतीचं मुख्य गाणं पहिल्यांदाच एका पोरीला, म्हणजे मला, मिळालेलं. माझा सूर पार ढासळला.

डॉक्टरांनी चार दिवस घालायला थेंब दिले. वॅक्स, म्हणजे कानातला मळ, बोळ्याभोवती दगडासारखा धरला होता. मागच्या पडद्याला आकड्यानं भोक पडलंय का, हे तो निघाल्यावरच कळणार होतं. ते चार दिवस फार वाईट गेले. थेंबांनी कान अजून दाटला. मी मायवर विनाकारण खेकसत होते.

पाचव्या दिवशी गुरुजीही मोटारीत चढले. पोरीचा कान गेला तर पुन्हा पेटीला हात लावणार नाही, असं ते मायला म्हणाले.

डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं एक बोळा काढला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यात सरकी निघाली.

"आणखी आठ दिवस थांबली असतीस, तर पऱ्हाटी उगवली असती," ते म्हणाले.

मग सिरिंजनं, म्हणजे मोठ्या पिचकारीनं, कोमट पाणी मारून कान धुतला. पडदा शाबूत होता! पहिला आवाज आला तो डोक्यावरच्या पंख्याचा. मी म्हटलं, साहेब, तुमचा पंखा बेसूर आहे.

त्यांनी बजावलं: कानात आकडा, काडी, तेल, बोळा, काही घालायचं नाही. भोंग्याखाली बसायचं नाही. गाण्यानंतर कान वाजायला लागले तर दोन दिवस त्यांना विश्रांती द्यायची. गुरुजींनी तीनदा विचारलं, "काय म्हंते?" तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले, "आता तुम्ही बसा खुर्चीत."

दुसऱ्या दिवशी तालमीला मी नेहमीच्या जोरात सुरुवात केली. गुरुजींनी भाता थांबवला. मला वाटलं, सूर चुकला.

"हळू म्हण पोरी," ते म्हणाले. "तुहा आवाज इतला गोड हाय, हे मले आजच समजून राह्यलं."

जयंतीला मी तशीच गायले, भोंग्यापासून लांब बसून. आता मी गाणं शिकवते. माझ्या शिकवणीला येणारी पोरं पहिल्या दिवशी मला आधी कान दाखवतात, आणि मगच तोंड उघडतात.