गाढवामार्फत निरोप

आमच्या तुर्कमेन गावात सून सासऱ्याशी बोलत नाही. रुमालाचं टोक दातांत धरलं की तोंड बंद. अक्जागुलनं ते लग्नाच्या दिवशी धरलं ते मुलांना मिसरूड फुटलं तरी सोडलं नाही. सासू होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. सासू वारली, नवरा आणि मुलं कामाला इराणात गेली, आणि निरोप्याचं काम आलं गाढवाकडे.

"गाढवा, यांना सांग, चहा निवतोय."

"गाढवा, तिला विचार, हा चहा आहे की भांड्यांचं धुवण?"

गाढव कान हलवायचं. घर बरं चाललं होतं.

लढाई मात्र गावावरून येत-जात राहिली. या खेपेला जाणारे खरबुजाच्या मळ्यात सुरुंग पेरून गेले. मग शहरातून माणसं आली, मळ्याच्या कडेनं लाल रंगवलेले दगड मांडून गेली. पलीकडे पाऊल टाकायचं नाही! म्हाताऱ्या सासऱ्याला, खुदाईनजरला, लाल दगड काय नि पांढरा काय, सगळं धुरकटच दिसायचं. पण तसं कबूल करील तर तो खुदाईनजर कसला!

एका सकाळी त्याचा लाडका एडका सुटून मळ्याकडे निघाला. मागोमाग म्हातारा, काठी टेकत. अक्जागुल पाणी घेऊन येत होती. सासरा थेट दगडांपाशी पोचलेला तिला दिसला. सवयीनं ती मागे वळली, "गाढवा, यांना सांग..."

गाढव घरी खुंट्याला होतं.

रुमाल दातांतून सुटला. सासऱ्याला हाक कशी मारतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तोंडातून निघालं ते नाव, जे सुनेनं स्वप्नातही घ्यायचं नसतं.

"खुदाईनजर! थांब तिथंच!"

म्हातारा जागीच खिळला. आपल्याकडे कुणी बघेना म्हणून एडकाही दगडांवर अंग घासून मुकाट परत आला.

घरी अक्जागुलनं रुमाल दातांत असा आवळला की जबडा दुखायला लागला. आता हा आपल्याला माहेरी धाडणार, या धास्तीनं तिनं खाली मान घालूनच चहा ओतला.

म्हातारा गाढवाकडे वळला. "तिला सांग, आवाज सासूवर गेलाय. फाटका."

गाढवानं कान हलवले.

"आणि सांग, माझ्या बरोबरीचे सगळे गेले. कुणी गोळीनं, कुणी वयानं. जो तो मला आजोबा म्हणतो. नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं." त्यानं घसा खाकरला. "विचार तिला, परत एकदा हाक मारते का."

अक्जागुल उठली. गाढवाला अंगणाबाहेर नेऊन बांधलं, परत आली आणि दारातच रुमालाचं टोक सोडलं.

म्हाताऱ्यानं ओ दिली.