आईच्या पापणीचे केस

माझा हात हलका आहे असं गावातल्या बायका म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायला फार आवडायचं. हात हलका म्हणजे काय, तर मी पापणीचा केस उपटला तरी समोरच्या बाईला कळत नसे. बाकी माझ्यात कौतुक करण्यासारखं फारसं काही नव्हतं. रंग काळा, बोलणं फटकळ, आणि सातवी पास झाल्यापासून तर आळीतल्या म्हाताऱ्या मला ‘मास्तरीण आली, गप बसा’ असं चिडवायच्या. पण डोळ्यात केस टोचायला लागला की त्याच म्हाताऱ्या आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकडचं. गावातली निम्मी माणसं मिठागरात कामाला, त्यात माझे आईबाबाही होते. दिवाळीनंतर वाफे तयार करायचे, मग पाऊस येईपर्यंत मीठ ओढायचं आणि टोपल्या वाहायच्या. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून डोळ्यांना सतत पाणी यायचं. त्यात लहानपणी कुणालाच खुपऱ्या झाल्या नाहीत असं घर गावात शोधूनही सापडलं नसतं. खुपऱ्या म्हणजे पापणीच्या आतून उठणारे रवाळ फोड. मोरचुदाचा खडा पापणी उलटी करून त्यांवर घासायचे, पोर किंचाळायचं, आणि काही दिवसांनी सगळे विसरून जायचे. पण पापणी विसरत नाही. आतून ती हळूहळू आखडत जाते, तिची कड आत वळते आणि केस बुबुळावर घासायला लागतात. आईचं तसंच झालं होतं. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या पापण्यांचे केस मी उपटत आले.

पनवेलच्या सोनाराकडून आणलेला बारीक टोकाचा चिमटा होता. रविवारी सकाळी आई ओट्यावर उन्हाकडे तोंड करून माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. मी तिची पापणी अंगठ्यानं वर धरायची आणि एकेक केस काढून तिच्या तळहातावर ठेवायची. ती सगळं आठवडाभराचं बोलणं तेव्हा बोलून घ्यायची. एरवी तिला वेळ कुठे असायचा? त्या अर्ध्या तासात ती फक्त माझी असायची. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात याचा वाटा आहे.

मुंबई अजून महाराष्ट्राची व्हायची होती तेव्हाची गोष्ट. पनवेलच्या एका धर्मशाळेत डोळे तपासायचं शिबिर भरलं. मी आईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली आणि सांगितलं की दोन्ही वरच्या पापण्यांचं ऑपरेशन करून घ्या, कड बाहेरच्या बाजूला वळवून टाके घालू, केस टोचायचे थांबतील. आठ-दहा दिवस डोळे बांधून राहावं लागेल. बुबुळ अजून बरं आहे, उशीर करू नका.

मिठाचा हंगाम ऐन भरात होता. आई हसली आणि म्हणाली, “आमाला काय गरज नाय डॉक्टर. माझी पोर हाय ना. ती काढते केस, मना कलत पन नाय.”

मी तिला समजावायला हवं होतं. शिकलेली होते, शिबिराचा कागद मीच वाचून दाखवला होता. पण डॉक्टरसमोर तिनं माझं कौतुक केलं आणि मी फुगले. घरी येताना आम्ही दोघींनी बाजारात भजी खाल्ली.

त्यानंतर चार वर्षं मी केस उपटत राहिले. आता ते दर आठवड्याला नाही, दोन-तीन दिवसांनी उपटावे लागत होते. आईच्या उजव्या बुबुळावर आधी धुरकट डाग आला, मग पांढरं फूल पडलं. डावा डोळा तर कोरडा पडून पार गेलाच. टोपली डोक्यावर घेऊन ती बांधावरून चालायची ती पायांनी चाचपत. एके दिवशी ती टोपलीसकट खाजणाच्या चिखलात पडली, तेव्हा बाबांनी तिचं मिठाच्या आगरावर जाणं बंद केलं. मला तोवर गावातच लोकल बोर्डाच्या शाळेत नोकरी लागली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला एसटीनं ठाण्याला आणि तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. दिव्याच्या उजेडात त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे केस कोण उपटतं?”

“मी,” मी म्हणाले. मला वाटलं, आता हेही म्हणतील की हात हलका आहे.

ते रागावले नाहीत. शांतपणे त्यांनी मला समजावून सांगितलं. वाढलेला लांब केस मऊ असतो, तो डोळ्यावर नुसता लोळतो. उपटलेला केस परत फुटतो तेव्हा आखूड आणि ताठ असतो, आणि कधी कधी तो मुळाशी तुटून खुंट राहतो. तो खुंट प्रत्येक वेळी डोळा मिटला की बुबुळावर ओरखडा काढतो. दिवसातून किती वेळा आपण डोळे मिटतो ते तुम्हीच मोजा, असं ते म्हणाले.

मला मोजायची गरज नव्हती. भात कापल्यावर शेतातून अनवाणी चालणारी पोर मी. हिरवं रोप पायाला कधी लागत नाही, धसकट रक्त काढतं. हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं आणि आईच्या डोळ्यात मी वर्षानुवर्षं धसकटंच वाढवली होती. आई शेजारीच बसली होती. तिनं माझा हात धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, “तिनं नसते काढले तर मी कदीच आंदली झाली असती.” ते खरं होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मला तेव्हा तिचा रागच आला. इतकं समजून घेणाऱ्या माणसाजवळ रडताही येत नाही.

आधी पापण्यांचं ऑपरेशन झालं. पापणीच्या आतल्या बाजूनं चीर देऊन त्यांनी कड बाहेर वळवली आणि टाके घातले. आईच्या डोळ्यांना कायम आश्चर्य वाटल्यासारखं रूप आलं. पण केस टोचायचे थांबले. मग वर्षभरानं, पापण्या नीट बसल्यावर, उजव्या डोळ्याचं मोठं काम काढलं. बुबुळावरची पुढची काच पांढरी झाली आहे, ती मधोमध गोल कापून तिथे दुसऱ्याची बसवायची, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याची म्हणजे मेलेल्या माणसाची. खुपऱ्यांनी खराब झालेल्या डोळ्यात ती टिकेलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

गावात बोलणी झाली. मेलेल्याच्या डोळ्यानं बघणार म्हणजे काय काय दिसेल, असं लोक म्हणाले. आईला त्याची भीती नव्हती. तिला दुसऱ्याच गोष्टीनं खाल्लं. डोळा मिळेपर्यंत तिला इस्पितळातच राहायचं होतं, आणि डोळा मिळणार म्हणजे कुणीतरी जाणार. मी भेटायला गेले की ती हळूच म्हणायची, “मी इथं पडून कोनाच्या मरनाची वाट बघतंय गो. जेवन जात नाय मना.” सतराव्या दिवशी डोळा मिळाला. कुणाचा ते सांगितलं नाही. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणी पडून होती, मान हलवायचीसुद्धा बंदी.

पट्टी काढली तेव्हा आईला दिसलं. फार स्वच्छ नाही, पण माणूस ओळखू येत होतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “बाय, तुझ्या कपालावर आठी कवा पडली?” घरी आल्यावर ती दोन दिवस नुसती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावानं हाका मारत होती, तोंड बघून, आवाज ऐकायच्या आधी. पितृपक्षात तिनं आपल्या सासू-सासऱ्यांच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलं. बाबांनी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, “त्याचं, नायतर तिचं. बाप्या का बाई, मना ठावं नाय.” आणि त्या पानावर तिनं सगळं थोडं थोडं वाढलं, कारण त्या माणसाला काय आवडायचं हेही तिला ठाऊक नव्हतं.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं की डोळ्यात काहीही टोचलं तरी चिमटा लावायचा नाही, त्याच दिवशी निघून यायचं. शब्द होते, ‘त्याच दिवशी.’

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सोमवारी सकाळी मी शाळेत जायला निघाले तर आई म्हणाली, “बाय, डोल्यात केस टोचतंय. कडंला हाय, एकच हाय. काढतेस?” मी पाहिलं. बाहेरच्या कोपऱ्यात एक आखूड केस आत वळला होता. सहज चिमट्यात आला असता. मी म्हणाले, मी हात लावणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

“मंग उद्या जाऊया एसटीनं,” ती म्हणाली.

बुधवारी शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. वर्षाची तपासणी. नोकरी कायम व्हायची होती, वर्गाचे तक्ते अर्धे राहिले होते, आणि मुलांना अजून कविता पाठ नव्हती. मी म्हणाले, “गुरुवारी जाऊ आय. नाहीतरी मोठे डॉक्टर गुरुवारीच असतात.” ते गुरुवारी असत हे खरं होतं. पण इस्पितळ रोज उघडं असतं हेही मला माहीत होतं.

“बरं बाय,” आई म्हणाली.

तीन दिवस ती एका बोटानं पापणी वर ओढून बसली. बाबा आगरावर होते, वाफ्यांची कामं निघाली होती, ते अंधार पडल्यावर यायचे आणि पडल्या पडल्या झोपायचे. तिनं त्यांना काही सांगितलं नाही. बुधवारची तपासणी चांगली झाली. दिपोट्यांनी माझ्या अक्षराची तारीफ केली.

गुरुवारी डॉक्टरांनी दिवा धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. नव्या काचेवर जखम झाली होती आणि ती पिकली होती. त्यांनी केस काढला, औषध घातलं, मग स्टूल मागे सरकवून विचारलं, “कधीपासून टोचत होतं?”

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई बोलली. “सोमवारपासून. मी कोनाला बोललेच नाय. वाटलं, आपोआप जाईल.”

मग डॉक्टर तिला बोलले. फार बोलले. एवढ्या मेहनतीनं डोळा बसवला, एका माणसानं मरताना दिला, आणि तुम्हाला घरात तोंडानं एवढं सांगता येत नाही? शिकलेली मुलगी घरात आहे, तिला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी आणलं असतं. आई मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्या मागे उभी होते. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं, आणि मी म्हणाले नाही.

महिनाभर उपचार चालले. काच पांढरी झाली. तिच्यात रक्ताच्या बारीक शिरा शिरल्या आहेत, आता दुसरी बसवली तरी धरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर आई उजेड आणि अंधार एवढंच ओळखायची.

आईनं घरीही तेच सांगितलं. बाबा वाईट नव्हते, पण ते हे गिळू शकले नाहीत. घरात कुणी पाहुणा आला, डोळ्यांचा विषय निघाला की ते म्हणायचे, “हिनं नुसतं तोंड उगडलं असतं तर आज दिसलं असतं. पन ही बोलली नाय.” आई चुलीपुढे चाचपत भाकरी थापत असायची. ती कधी उलट बोलली नाही. मी तिथेच असायचे, कधी वह्या तपासत, कधी काही न करता. वर्षामागून वर्षं गेली आणि ते वाक्य आमच्या घरात ‘जेवलात का’ विचारावं इतकं नेहमीचं झालं.

बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा मी आईजवळ बसून म्हणाले की आता मी त्यांना खरं सांगते. मला सहन होत नाही. तिनं चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, “नको सांगू. माझ्यावर रागवायची त्याला सवय झालीय. तुझ्यावर रागवायला आता त्याच्याकडं दिवस नाय.”

मी सांगितलं नाही. बाबा पुढच्या आठवड्यात गेले, तिला दोष देतच गेले, आणि आईनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा त्यांचं तोंड कुठे आहे हे तिला मी हात धरून दाखवलं.