बिननावाचे फॉर्म

माझा स्वभाव आधीपासूनच संशयी. त्यात कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नेमणूक नव्यानं. मार्चमध्ये विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे फॉर्म आले की वाटायचं, हे अभ्यासक्रम सुधारायला नाहीत, मला घालवायला आलेत. फॉर्मवर नाव लिहायचं नाही असा नियम होता. पोरांचाही त्यावर विश्वास नव्हता. मानवत, पाथरीहून एसटीनं येणारी ही पोरं सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करून मोकळी व्हायची.

त्या वर्षी मात्र एका फॉर्मवर सूचनांच्या जागी लिहिलेलं होतं, ‘मॅडम बोंडअळी फोटोत दाखवतात. कॉलेजच्या मागच्या कापसाच्या रानात दरसाल जिवंत असते. तिथं न्या.’

माझे कान तापले. हे काम देवगाव फाट्याहून येणाऱ्या मुलीचंच, याबद्दल मला शंका नव्हती. ती तोंडावर बोलायची, प्रात्यक्षिकाच्या गुणांवरून हुज्जत घालायची. मी वह्या काढून अक्षर ताडून पाहिलं. ज्याला पकडायचंच असतं त्याला प्रत्येक ‘ळ’ सारखा दिसतो. अंतर्गत गुणांची यादी समोरच होती. तिचे अठरा खोडून मी सोळा केले.

तेवढ्यात शिपाईमामा आले. “मॅडम, गठ्ठा हालवू नका. हजेरीच्या नंबरानं लावलाय मी.”

“बिननावाचे फॉर्म नंबरानं कशाला लावले, मामा?”

“पेपर तसेच गोळा करतो की, एकेकाला नंबरानं बोलवून. सवय हाय.”

मामा गेल्यावर मी फॉर्म मोजत गेले. त्या तीन ओळी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या निघाल्या. माझ्या प्रत्येक वाक्याला “समजलं, मॅडम” म्हणणारी ती. देवगाव फाट्याच्या मुलीचा फॉर्म पुढे सापडला. सगळीकडे ‘उत्तम’, सूचनांची जागा कोरी. मला स्वतःचीच लाज वाटली. सोळा खोडून पुन्हा अठरा केले, फॉर्म पिसले आणि गठ्ठा बांधून कार्यालयात दिला.

जूनमध्ये नेमणूक मिळाली. तोवर माझी झोप उडालेली होती. पुढे कधीतरी कार्यालयात तो गठ्ठा दिसला. दोरीला माझीच गाठ होती, कुणी सोडलाच नव्हता.

दिवाळीनंतर, पुढच्या वर्षाला गेलेल्या त्याच सगळ्या वर्गाला मी मागच्या रानात नेलं. पोरांनी बोंडं फोडून अळ्या दाखवल्या. कोणतं बोंड किडलेलं आहे हे त्यांना वरूनच कळत होतं, मला नव्हतं. मान्य करणं जड गेलं, पण माझा इतका चांगला तास त्याआधी झाला नव्हता.

मार्चमध्ये पुन्हा फॉर्म आले. या वेळी मी टेबलावर खोकं ठेवलं. “घडी घालून यात टाका. नंबर कुणी लावणार नाही,” म्हणाले.

देवगाव फाट्याची मुलगी फॉर्म घेऊन टेबलापाशी आली. “मॅडम, एक इचारू? गेल्या साली गुणांच्या यादीवर सही करायला आले, तवा माझ्याच आकड्यापाशी दोनदा खोडलेलं व्हतं. का बरं?”

“चुकून झालं होतं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्यासमोरच उभ्या उभ्या, प्रश्न न वाचता, वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर खुणा केल्या आणि फॉर्म घडी न घालताच खोक्यात टाकला.