भिंतीच्या पोटातली झाडं

पाऊस आला की लोक आडोशाला धावायचे आणि माझी मावशी, इग्नासिया तोमिचा, घरातून पळत बाहेर यायची. चौकात भिजत उभी राहायची. लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात तिचा नवरा आन्सेल्मो भिंतीखाली गेला होता. पाणी प्यायलेली मातीची भिंत तो झोपेत असतानाच त्याच्या अंगावर बसली. तेव्हापासून मातीच्या भिंतीवरचा तिचा विश्वास उडाला, आणि आमच्या चिकितोसच्या रानमुलखात दुसऱ्या कसल्या भिंती असणार?

तरी तिच्या वाट्याला आलं ते गावातल्या सगळ्यात उंच भिंतींचं घर. देवळाला लागून असलेलं पाद्र्यांचं जुनं घर. समुद्रापलीकडच्या राजाने पाद्र्यांना हाकलल्याला पिढ्या उलटल्या होत्या; आता तिथे गावाचा मका साठवायचे. मावशीने झाडलोट करायची आणि तिथेच राहायचं. ओसरीचे खांब म्हणजे अख्खी झाडं, दोरखंडासारखा पीळ कोरलेली. ती ते मायेने पुसायची, पण छपराकडे मान वर करून कधी बघायची नाही.

"एवढं ओझं डोक्यावर घेऊन पाद्रीबाबा झोपायचे तरी कसे गं?" मला विचारायची.

एका फेब्रुवारीत, आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, पाऊस थांबेचना. ओढा गावात शिरला. खालच्या आळीतली माणसं पोरंबाळं, कोंबड्या घेऊन पाद्र्यांच्या घरात आली. मावशी मात्र उंबऱ्यावरच घुटमळत होती.

"इग्नासिया, ये की आत! का पाद्रीबाबाच्या भुताने हाकललं तुला?" इलारियोन सुतार ओरडला.

"भूत गेलं खड्ड्यात. ती पश्चिमेची भिंत बघ. पोट सुटलंय तिला."

"या वयात सुटणारच!"

सगळे हसले. पण जेवताना ताटांत माती भुरभुरली, तसं मावशीने दोन पोरांना काखोटीला मारलं आणि ओरडली, "उठा! बाहेर व्हा!" ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ढकललं. इलारियोनला तर बखोटीला धरून ओढत आणलं.

आम्ही चौकात पोचतोय तोवर भिंत बसली. धडाड्‌धूम काही नाही. ओलं पोतं टाकल्यासारखा आवाज. आता छप्पर येणार म्हणून बायकांनी डोळे मिटले, छातीवर क्रूसाची खूण केली.

छप्पर आलंच नाही.

पावसाने चिखल धुऊन नेला तशी भिंतीच्या पोटातून झाडं दिसू लागली. एकापुढे एक, रांगेने. कोरीवकाम नाही, नुसते कुऱ्हाडीचे घाव, आणि वर प्रत्येकाच्या बेचक्यात तुळई. कौल एक हललं नव्हतं. त्या झाडांमधून थेट आतलं अंगण दिसत होतं.

इलारियोनने टोपी काढली. "म्हणजे भिंत नुसता सदरा होती. घर तर हे आहे."

मावशी चालत गेली आणि तिने एका बुंध्यावर हात ठेवून पहिल्यांदाच वर बघितलं. लाकडात लाकूड खाचेने बसवलेलं, वर वर चढत अंधारात गेलेलं.

"ही झाडं पाद्र्यांनी आणली का रे?"

"पाद्री होते दोघंजण. त्यांच्याने एक तरी बुंधा हलला असता? हे कुचीचं लाकूड, पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडतं. आपल्याच माणसांनी ओढलंय रानातून. तुझ्या तोमिचांनी, आमच्या माणसांनी."

"आणि मला आजवर कुणी सांगितलं नाही!"

"मला तरी कुणी सांगितलं होतं? तुझ्याबरोबरच बघतोय."

सगळ्यांच्या आधी मावशीच आत गेली. तिने चटई टाकली, तेव्हा बाकीचे गेले. बाहेर पाऊस कोसळत होता, एक बाजू सताड उघडी, आणि मावशी संध्याकाळपर्यंत घोरत पडली. सूप तयार झालं तरी तिला कुणी उठवलं नाही.

पाऊस सरल्यावर गावाने चिखल तुडवून भिंत पुन्हा घातली. मावशी हटून बसली, एक झाड उघडं ठेवा. शहरातून देवळात मिस्सेची उपासना करायला येणारे पाद्री म्हणाले, "शोभत नाही हो बाई."

"ज्यांनी ही झाडं वाहून आणली त्यांना शोभतं, बाबा," ती म्हणाली.

ते झाड उघडंच राहिलं. मिस्सा संपली की लोक तिकडे वळतात, बुंध्याला हात लावतात आणि घरी जातात.