जाऊबाईंच्या हातची तंबाखू

नोफिकिलेनं पाइप सोडला तो काही शहाणपण सुचलं म्हणून नाही. नदीवरून पाणी घेऊन वर येताना तिचा जीव अर्ध्या वाटेत घशाशी यायला लागला, आणि दवाखान्यातल्या नर्सनं छातीला नळी लावून साफ सांगितलं, "मावशी, हे थांबवा. नाहीतर येत्या थंडीत अंथरुणातून उठणार नाही तुम्ही."

त्सोलोच्या टेकड्यांत लेकरं झालेल्या बाईनं पाइप ओढायचा नाही तर कुणी? नोफिकिले लग्न होऊन आली, पहिलं मूल झालं, आणि सासूनं स्वतःच्या हातानं लांब दांडीचा पाइप तिच्या हातात दिला. तेव्हापासून पाइप म्हणजे तिची घरातली जागा. तो गेल्यावर सकाळी चहा झाला की तिला काय करावं ते सुचेना. हात उगीच मांडीवर पडून राहायचे. चिडचिड तर अशी, की कोंबड्यांनाही शिव्या बसायच्या.

तरी ते सगळं निभलं असतं. निभेनात ती माणसं. या टेकड्यांत बाईनं पुढं केलेली चिमूटभर तंबाखू नाकारायची म्हणजे साधी गोष्ट नाही. 'तुझ्या हातात काहीतरी आहे, तू माझं वाईट करशील,' असं चारचौघांत म्हटल्यासारखंच ते. चेटकीण हा शब्द इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण तो पसरायला वेळ लागत नाही. म्हणून नोफिकिले बायका जमतात तिथं जाईनाशी झाली. थोरली जाऊ नोथेम्बा दिसली, तरी वाट बदलायची. लोकांना तेवढं पुरलं. नोथेम्बानं हिच्या छातीला काहीतरी केलंय, हिला कळलंय, म्हणून ही तोंड चुकवते, अशी कुजबुज सुरू झाली.

नोथेम्बाच्या घरी पितरांचं कार्य निघालं. तिथं जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. गोल घरात बायकांच्या बाजूला सगळ्या चटईवर बसल्या होत्या, मक्याच्या बिअरचं भांडं फिरत होतं. नोथेम्बा उठली, आपली तंबाखूची पिशवी उघडली आणि भरल्या घरात नोफिकिलेपुढं हात केला.

"घे गं."

"जाऊबाई, नर्स नको म्हणालीय."

"नर्स!" कोपऱ्यातून एक म्हातारी हसली. "काल परकर नेसायला शिकलेली पोर! तिच्या आजीनं काय शेण ओढलं होतं?"

बायका खो खो हसल्या. नोथेम्बा मात्र हसली नाही. तिचा हात तसाच पुढं होता आणि नजर एकेकीच्या तोंडावरून फिरत होती. नोफिकिलेला एकदम दिसलं की घाबरलेली तर ही आहे. आता नाही म्हटलं तर ही बाई उरलेलं आयुष्य चेटकीण म्हणून काढणार.

तिनं दोन्ही हातांनी तंबाखू घेतली, शेजारणीचा पाइप मागून भरला आणि ओढला. घर सैलावलं. कुणीतरी गाणं धरलं.

संध्याकाळी ती चढावरून घरी निघाली आणि खोकल्यानं तिथंच खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली. नोथेम्बा मागून धावत आली, तिची पाठ चोळत बसली.

"काय गं हे? एवढं आहे तर सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. नर्स म्हणाली..."

"नर्सचं सांगितलंस तू. तुझं कुठं सांगितलंस?"

नोफिकिले श्वास गोळा करत राहिली. दुखणं बोलून दाखवलं की ते घरी येतं, असं आईनं शिकवलं होतं. पण ते तर केव्हाच घरी येऊन बसलं होतं.

"मला भीती वाटते जाऊबाई," ती म्हणाली. "मरायची भीती वाटते."

आणि ती रडली. नवरा गेला तेव्हाही अशी रडली नव्हती.

"मग माझ्या हातून का घेतलीस, बये?"

"नसती घेतली तर तुमचं काय झालं असतं?"

नोथेम्बानं शालीचं टोक तोंडाला लावलं. मग म्हणाली, "आता बायकांत मीच सांगेन, हिला देऊ नका, मी मना केलंय. थोरल्या जावेनं मना केलं तर कुणाची बिशाद आहे बोलायची? पण सोडायचं तुझं तुलाच गं. मला स्वतःला पाइप सोडणं जमणार नाही, खोटं कशाला बोलू."

तिनं हात धरून उठवलं. दोघी सावकाश चढ चढू लागल्या. उद्यापासून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, ते रिकामे हात, ती चिडचिड, आणि नोफिकिले फार थकली होती. तोंडात अजून तंबाखूची चव होती, आणि ती तिला आवडत होती.