मॅचला नेलेली यादी

आज सिग्नलला थांबले होते. शाळेची मुलं जोडीजोडीने हात धरून रस्ता ओलांडत होती. शेवटची मुलगी बाईंच्या पर्सचा पट्टा धरून चालली होती.

मी शाळेत असताना, शहरात खेळायला आलेल्या परदेशी मुलांची फुटबॉल मॅच बघायला आम्हालाही असंच नेलं होतं. वर्गात सदतीस मुली, त्यामुळे मला जोडी नव्हती. बाई म्हणाल्या, “तू माझ्याजवळ बस गं, हजेरीची यादी सांभाळ.” गोल झाला तेव्हा साऱ्या जोड्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी यादी छातीशी धरून उभी राहिले.

परतताना बसमध्ये मीच नावं पुकारून खुणा केल्या. “सगळ्या आल्या, बाई.” बस सुटल्यावर पाहिलं, तर माझ्याच नावापुढची जागा कोरी होती. कोणी विचारलंही नव्हतं.

आज त्या मुलांना मी मोजलं. सुरुवात शेवटच्या मुलीपासून केली.